तिसरा वजा केल्यावर

लातूरच्या गंजगोलाईत सकाळी दहाच्या सुमाराला तेलाचे आडते चहाचा कप हातात घेऊन एक प्रश्न हमखास विचारायचे, "आज अकोला आपला कोण लागतो?"

उत्तर भिंतीवरच्या पडद्यावर असायचं. दोन बाजारांतले तेलाचे भाव एकमेकांसारखे किती हलतात, हे शून्य ते शंभर अशा आकड्यात सांगणारा साम्यमापक गेली सहा वर्षं बाजारोबाजारी बसलेला होता. शास्त्रज्ञांनी त्या आकड्याला 'साम्यांक' असं सोवळं नाव दिलं होतं. आडत्यांनी पहिल्याच महिन्यात त्याचा 'सोयरांक' करून टाकला. नव्वदच्या वर गेला की सख्खा भाऊ, सत्तरला चुलत, चाळीसला लांबचा पाहुणा आणि त्याच्या खाली नुसतीच तोंडओळख. अकोला लातूरचा कधी पाहुणासुद्धा लागला नव्हता. वीसच्या आसपास रेंगाळायचा बिचारा.

त्या मंगळवारी मात्र पडद्यावर त्र्याण्णव हा आकडा उमटला आणि गोलाईत हसाहशी झाली. तक्रार आली म्हणून साम्यमापक बनवणाऱ्या डॉ. विदुला देवणीकर स्वतःच तिथे येऊन उभ्या राहिल्या होत्या. वय चौपन्न, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर कायमची थोडी घाई. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या रेहाना पटेल पडद्यामागची पेटी उघडून बसल्या होत्या.

"बंदराची नोंद येत नाहीये, मॅडम," रेहानाबाई म्हणाल्या. "वादळानं तिकडची तार तुटलीय. चार दिवस पामतेलाचा भाव आपल्या यंत्रात आलेलाच नाही, म्हणून दोन्ही बाजारांतून तो वजा होत नाहीये."

"पण आडत्यांना तर येतो."

"त्यांच्या फोनवर येतो ना. ते त्याच्याकडे बघून भाव काढतायत. यंत्राला तेवढंच दिसत नाही."

शेजारच्या गादीवर मन्मथअप्पा हालकुडे बसले होते. पंच्याऐंशी वर्षांचे, बाजारातले सगळ्यात जुने आडते. दात गेले होते, जीभ शाबूत होती. ते म्हणाले, "दोघं भाऊ कशाचे, बाई! दोघांचा मालक एक हाय. बंदर उठ म्हनलं की ह्यो बी उठतो, त्यो बी उठतो. मालक दिसंना झाला की बघनाऱ्याला वाटतं, ह्ये दोघं एकमेकाचं बघून उठलालेत."

विदुलाबाईंना हसू आलं. "अप्पा, माझं सगळं यंत्र तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

"माजं न्हवं ते. आमच्याकडं इंगळे म्हनून हमाल हुता, त्यो म्हनायचा. पाठीवर डबे घिऊन म्हनायचा. त्याचा पोरगा लई शिकला. धोंडिराम. पुढं कायतरी भानगड झाली म्हनं त्याची."

विदुलाबाईंचं हसू तिथंच थांबलं.

दोन वर्षांपूर्वी ती भानगड त्यांच्याच सहीनं झाली होती. तेलबाजारात साम्यमापक गाजल्यावर विद्यापीठानं तोच विद्वानांना लावला. बाजाराला जशी भावाची चाल असते तशी माणसाला लेखणीची चाल असते. वाक्य किती लांब, 'मात्र' किती वेळा, स्वल्पविराम कुठे, परिच्छेद संपवायची सवय कोणती. दोन प्रबंधांची चाल जुळली तर कोणीतरी कोणाचं उचललं आहे, असा हिशेब होता. कर्तृत्व पडताळणी समिती बसली आणि चाळीस वर्षांचे प्रबंध यंत्रात घातले गेले. पक्षपात नको म्हणून प्रबंधांवरची नावं काढून त्यांना नुसते क्रमांक दिले होते. क्रमांक चारशे सतरा आणि क्रमांक सहाशे बत्तीस यांचा साम्यांक निघाला एक्क्याण्णव. विदुलाबाईंनी अहवालावर लिहिलं, "साम्य निर्विवाद आहे," आणि सही केली.

नावं नंतर उघडली. चारशे सतरा होता निशिकांत वैशंपायन, जो पुढे परदेशात प्राध्यापक झाला आणि ज्यानं समितीला "मला आता काही आठवत नाही" असं दोन ओळींत कळवलं. सहाशे बत्तीस होता धोंडिराम इंगळे. त्याचा प्रबंध सहा महिन्यांनंतरचा, म्हणजे चोर तोच ठरला. हमालाच्या पोराला इतकं सफाईदार मराठी कुठून येणार, असं कोणी मोठ्यानं म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. पदवी काढून घेतली गेली, तालुक्याच्या कॉलेजातली नोकरी गेली. सुनावणीत तो एकच वाक्य बोलला होता म्हणे, "यंत्र म्हणतंय तर असेल." हे दोघे आणि विदुलाबाई, तिघंही एकाच वर्गातले. विदुलाबाईंना तेव्हा वाईट वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर रागही आला होता, धोंडिरामचाच. त्याला फोन त्यांनी केला नाही.

आता गोलाईत उभ्या उभ्या त्यांनी अप्पांचं वाक्य पुन्हा मनात म्हटलं. दोघांचा मालक एक.

"रेहाना," त्या हळूच म्हणाल्या, "प्रबंधांच्या मोजणीत कोणाचं लेखन घातलं नव्हतं?"

रेहानाबाईंनी मान वर केली. "तुमचं. समितीचाच नियम होता तो. यंत्र बनवणाऱ्याचं लेखन यंत्रात नको, नाहीतर लोक नावं ठेवतील."

प्रयोगशाळेत जाऊन विदुलाबाईंनी आपला प्रबंध आणि त्या काळातले आपले सगळे लेख यंत्रात घातले आणि तेलबाजारात करतात तसं तिसऱ्याला वजा केलं. एक्क्याण्णवचे चौदा झाले. निशिकांत आणि धोंडिराम यांची एकमेकांशी नुसतीच तोंडओळख उरली. दोघंही मिळते-जुळते होते ते विदुलाशी.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या शनिवारच्या दुपारी त्यांना आठवल्या. विभागाच्या मागची नकाशांची खोली, तीन खुर्च्या, एक डुगडुगतं टेबल. "विदुला, भाषा तेवढी बघून दे," असं म्हणून दोघंही प्रकरणं तिच्यापुढे टाकायचे. ती हिरव्या शाईचं पेन घेऊन बसायची. लांब वाक्यांचे दोन तुकडे करायची, 'अत्यंत' दिसला की उडवायची आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य घालायची, 'एवढ्यावरून इतकेच म्हणता येईल.' तिचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. दिसलं त्यापेक्षा जास्त बोलू द्यायचे नाहीत, ते वाक्य त्यांचंच. तिला ते काम तांदळातले खडे वेचण्यासारखं वाटायचं. कोणाच्या तांदळातले किती वेचले हे कोण लक्षात ठेवतं? तिनं ठेवलं नव्हतं. आणि नेमकं अहवालावर सही करताना ती वडिलांचं ते एक वाक्य घालायला विसरली होती.

त्या दुपारी विदुलाबाईंनी समितीला पत्र लिहिलं. चूक माझी, धोंडिराम इंगळे निर्दोष, निर्णय फिरवावा. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की याच पद्धतीनं दोनशे अकरा निर्णय झाले आहेत, ते सगळेच उकरावे लागतील, त्यामुळे विषय विचाराधीन आहे. पुढच्या उत्तराची वाट बघत बसायची त्यांना लाज वाटली. त्यांनी पत्राची प्रत, धोंडिरामचा प्रबंध आणि फिरतीचा छोटा साम्यमापक झोळीत टाकला आणि निलंग्याच्या गाडीत बसल्या.

घर गावाच्या टोकाला होतं. दारावरच्या पाटीवर 'धोंडिराम इंगळे' एवढंच होतं. नावाआधीचं 'डॉ.' कोणीतरी खरवडून काढलं होतं आणि तिथला पत्रा गंजला होता.

दार त्याच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, उघडलं. ओळख सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बसा की. चिडत न्हाईत ते कुनावर. चिडले असते तर बरं झालं असतं." पाणी देता देता त्यांनी आवाज खाली आणला. "लिहिनंच सोडलंय बघा त्यांनी. पैले गावातलं मानूस अर्ज लिहून घ्यायला येत हुतं, आता माघारी लावतात. परवा लेकीच्या सासऱ्याला पत्र लिहायचं हुतं. कागद घिऊन तासभर बसले अन् तसाच ठिवून दिले."

धोंडिराम मागच्या पडवीत शेंगा निवडत बसला होता. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यानं वर बघितलं आणि जागा करून दिली, जणू कालच भेटले असावेत.

विदुलाबाईंनी सगळं सांगितलं. बंदर, मालक, आणि झोळीतला साम्यमापक काढून त्यावरचा चौदाचा आकडा. "तू सुनावणीत एका शब्दानं का बोलला नाहीस? विदुलानं भाषा दुरुस्त केली होती, एवढं म्हणायचं होतंस!"

"म्हणणार होतो," धोंडिराम म्हणाला. "मग अहवालाखाली तुझी सही बघितली. मला वाटलं, नाव बघूनच केलीस. दोघांचंही तूच तपासलं होतंस. तू म्हणतेस निर्विवाद, म्हणजे तुला आठवत असणार की मी काय उचललं. मलाच आठवत नसेल."

"मला नाव माहीतच नव्हतं रे."

"ते आज कळतंय."

त्यानं दोन-चार शेंगा निवडून बाजूला टाकल्या. मग त्यानं विचारलं, "तुला वजा केल्यावर निशिकांतचं अन् माझं चौदा झालं. बरं. पण तुला वजा केल्यावर माझं किती उरलं?"

हा प्रश्न येईल म्हणून विदुलाबाई वाटभर घाबरत आल्या होत्या. निशिकांतच्या प्रबंधात त्यांना वजा केल्यावर निशिकांत भरपूर उरला होता. धोंडिरामच्या बाबतीत यंत्रानं लिहिलं होतं, 'मोजण्याइतका मजकूर शिल्लक नाही.' हमालवाड्यातून आलेल्या त्या मुलाची वाक्यं तिनं मुळापासून पुसून नवी लिहिली होती, मायेनं लिहिली होती. खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं. पण त्यांनी ती ओळ जशीच्या तशी त्याला सांगितली.

त्यानं मान हलवली. जणू तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"धोंडिराम, ऐक," त्या घाईनं म्हणाल्या. त्यांनी झोळीतून प्रबंध काढून तिसरं प्रकरण उघडलं. "दोन बाजार सारखे हलतात म्हणून ते एकमेकांचे कोणी लागतात असं नाही, आधी तिसरा शोधावा. हे तू लिहिलंस. तुझ्या वडिलांचं बोलणं तू इथं आणलंस. माझं यंत्र याच प्रकरणावर उभं आहे. मी ते तुझ्याकडून घेतलं आणि कुठंही सांगितलं नाही, मला वाटलं ते माझंच आहे. तेलाला लावलं. माणसांना लावायचं विसरले. शब्द माझे असतील, विचार तुझा आहे."

"हे मोजता येतं का तुझ्या यंत्रात?"

"नाही."

"मग समितीला काय दाखवणार?"

त्यांनी झोळीतून कोरा कागद आणि पेन काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. "तू लिही. आज, तुझं तू. तुझे वडील काय म्हणायचे ते लिही. मी हात लावणार नाही. पुन्हा लिहायला लाग रे, बाकीचं मी भांडून आणते."

धोंडिरामनं शेंगांचे हात धोतराला पुसले. पेन धरलं. आतून कौसल्याबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. त्यानं एक शब्द लिहिला, खोडला, पुन्हा तोच लिहिला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हातून ओळ पुढे सरकत होती. विदुलाबाईंना रडू आवरेना.

पाच-सहा ओळी झाल्या. बाप पाठीवर तेलाचे डबे घेऊन चालायचा, एवढंच त्यात होतं. शेवटची ओळ लिहून तो थांबला, ती त्यानं दोनदा वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. शेवटी लिहिलं होतं, 'एवढ्यावरून इतकेच म्हणता येईल.'

त्यानं कागद विदुलाबाईंच्या पुढे धरला. वाचायला नव्हे. त्यांच्या झोळीत साम्यमापक होता हे त्याला माहीत होतं.

"बघ ना मोजून," तो अगदी हळू म्हणाला, "यातलं काही माझं आहे का?"