खालून पाचवा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत, भर दिवसा, सोमवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ताईनं ती तेव्हाच लिहून ठेवली होती.

मी विज्ञान शिकलेय. कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं, की मी आधी खोलीचं तापमान विचारते. तरी ही गोष्ट मला अजून कुठल्याच खणात ठेवता आलेली नाही.

ताई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शहरभरातून बाटल्या येतात, ती तपासते, अहवाल मेलनं पाठवते. भावोजी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर सांभाळायचे.

सात महिन्यांपूर्वी ते गेले. जिन्यातच कोसळले.

ताई रडली नाही. कामावर जायची, परत यायची, भांडी घासायची. कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणायची. त्या आवाजात काहीच नसायचं.

तिच्या ऑफिसच्या मेलमध्ये मात्र एक फोल्डर होता. नऊ वर्षांत वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आलेले मेल. 'छत्री घेतलीस का?' 'आज उशीर, तू जेवून घे.' 'तुझा साहेब जिन्यात भेटला, तोंड एवढंसं होतं. काय केलंस त्याला?'

भावोजी गेल्यापासून तिनं त्यातला एकही उघडला नव्हता. फोल्डर आहे, एवढंच तिला पुरत होतं.

त्या शनिवार-रविवारी ऑफिसनं मेलचं सॉफ्टवेअर बदललं.

सोमवारी सकाळी ताईनं मशीन चालू केलं, आणि...

फोल्डर नव्हता.

शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी बसतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बारीक नळीसारखा उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला पिपेट म्हणतात. तो स्क्रीनला नाक लावून बसला होता.

"मॅडम, माझं प्रिंटचं बटण कुठं गेलं हो? घरी साखरेचा डबा हलवला तरी मी दोन दिवस फिका चहा पितो. मला असले बदल झेपत नाहीत."

ताईनं नव्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"जुने मेल डिस्कवर आहेत मॅडम," तो म्हणाला. "नव्यात इम्पोर्ट करून घ्या."

"इम्पोर्ट कुठंय? फाइलचा मेनूच दिसत नाही."

"जागा बदललीय सगळ्यांची. असेल कुठंतरी. माझ्याकडं साठ मशीन आहेत हो! आणि अकराच्या आत घ्या, अकराला मी जुनी डिस्क पुसतोय. वरून तसा आदेश आहे."

"थोडं थांबता येईल का?"

"एकासाठी थांबलो तर साठ जणांसाठी थांबावं लागेल."

पिपेट बाटल्या आणायला बाहेर गेला. खोलीत ताई एकटी. नमुने उबेत ठेवणाऱ्या इनक्युबेटरची घरघर, आणि शुद्ध पाण्याच्या यंत्रातून बाटलीत पडणारी बारीक धार.

ती शोधत राहिली. तीन आडव्या रेघा. दातेरी चक्र. तीन टिंबं. सगळं उघडून पाहिलं. सह्या होत्या, रंग होते, सुट्टीचा निरोप होता. इम्पोर्ट नव्हता.

तिला भीती वाटत नव्हती, घाईसुद्धा नव्हती. हात चालत होते, एवढंच.

मग...

धारेचा आवाज थांबला.

इनक्युबेटरही गप्प झाला. दिवे मात्र चालू होते. यंत्राचा लाल दिवासुद्धा.

आणि इंटरकॉम वाजला.

ताईनं उचलला. "हं."

पलीकडं आधी नुसती खरखर. मग...

"वरून शोधू नकोस. खालून मोज."

ही भावोजींची पद्धत. फोनवर कुणाला काही शोधून द्यायचं, तर ते नावं घेत नसत. खालून मोजायला लावत. का, ते मी एकदा विचारलं होतं. "अगं, नव्यात लोक वर भर घालतात," ते म्हणाले होते. "तळाला कुणी हात लावत नाही."

ताईनं पेन उचललं.

प्रयोगशाळेत ही सवय हाडात मुरलेली असते. जे करतो, ते करताकरताच वेळेसकट वहीत लिहायचं. नंतर आठवून लिहिलेलं कुणी खरं धरत नाही.

ते पान मी पाहिलंय. अक्षर जरासुद्धा हललेलं नाही.

'१०.१२. तीन टिंबं. खालून तिसरा.'

"सापडला. पुढे?"

"आत जा. खालून पाचवा."

'१०.१४. खालून पाचवा. इम्पोर्ट.'

"सापडला."

मग स्क्रीनवर निळी पट्टी सरकू लागली. सावकाश. पलीकडचा माणूस थांबला होता. बोलत नव्हता. ताई पट्टीकडं बघत होती. तीही बोलत नव्हती.

'१०.२३. पूर्ण.'

"आलं सगळं?"

"आलं."

"बरं."

फोन ठेवल्याचा आवाज... आणि धार पुन्हा सुरू झाली.

ताईनं बाटलीकडं पाहिलं. अकरा मिनिटांत पाणी बोटभर तरी चढायला हवं होतं. ते होतं तिथंच होतं.

अकराला कॉम्प्युटरवाला आला. ताईनं त्याचे आभार मानले नाहीत. फोल्डर दाखवला फक्त.

तो स्क्रीनवर वाकला.

"हे कसं केलंत? मी तुम्हाला सांगायलाच येत होतो. या व्हर्जनमध्ये इम्पोर्ट नाहीच. काढून टाकलाय त्यांनी. साठांपैकी एकाचेही जुने मेल आलेले नाहीत."

ताईनं वही पुढं केली. त्यानं तीन टिंबं उघडली. खालून तिसरा. आत गेला. मोजलं. परत मोजलं.

त्या यादीत चारच ओळी होत्या.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन मोजल्या. चारच आहेत.

इंटरकॉमवरच्या आतल्या फोनांची नोंद कुठंच होत नाही, हेही मी विचारून घेतलं. म्हणजे माझ्या हातात आहे काय? वहीतल्या तीन ओळी, आणि एक फोल्डर, जो तिथं असायला नको होता.

हे सगळं ताईनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं. त्याच कोऱ्या आवाजात.

मी विचारलं, "आवाज ओळखला नाहीस?"

"पहिल्याच शब्दाला ओळखला."

"मग काही बोलली का नाहीस गं?"

तिचे हात थांबले. सात महिन्यांत पहिल्यांदाच ती काही करायची थांबलेली मी पाहिली.

"अकराच्या आत करायचं होतं ना," ती म्हणाली. "अकरा मिनिटं लाइनवर होता तो. आणि मी काय म्हणाले? 'सापडला. पुढे?'"

मग ती परत भाजी निवडू लागली.

मेल तिनं अजून उघडलेले नाहीत. पण परवा पिपेट भेटला, तेव्हा त्यानं सांगितलं, हल्ली इंटरकॉम वाजला की मॅडम कुणाला हात लावू देत नाहीत. स्वतः उचलतात, आणि बराच वेळ...

काहीच बोलत नाहीत. नुसत्या ऐकत उभ्या राहतात.

"पलीकडं कोण असतं?" मी विचारलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "पण मॅडम फोन ठेवेपर्यंत इनक्युबेटर बंद असतो."