सप्रेम भेट मिळालेलं घड्याळ

लालबागच्या भागीरथी चाळीच्या दारात जो फळा आहे, त्यावर गणपतरावांनी सकाळी सकाळी ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'आज सायंकाळी मंडळाच्या खोलीत गुप्त बैठक. बाहेर कोणाला कळू देऊ नये.' खाली नाव, हुद्दा आणि सही.

समोरच्या इस्त्रीवाल्याने ते वाचलं, वडापाववाल्याने वाचलं आणि बिल्डरच्या वॉचमननेही खुर्ची सरकवून वाचलं.

"बाबा, गुप्त आहे ना?" आकांक्षाने विचारलं.

"मग? लिहिलंय की, गुप्त म्हणून," असं म्हणत गणपतरावांनी हातावरचा खडू झटकला.

आकांक्षा यंदा आठवीत जाणार होती. मे महिन्यात ती आणि शेजारचा संघर्ष कोकणात जायचे, पण यंदा दोघांचे बाप चाळ वाचवण्याच्या समितीत गुंतले होते. बिल्डरला चाळ पाडायची होती आणि त्यासाठी लागणाऱ्या सह्यांत त्याला फक्त एक कमी पडत होती. नवी खोली कुठे मिळणार, कधी मिळणार, याचा त्याच्या करारात पत्ताच नव्हता, म्हणून बाकीचे अडून बसले होते. पण बैठकीत जे ठरेल ते दुसऱ्या सकाळी बिल्डरला ठाऊक! कोणीतरी फितूर होतं.

मंडळाच्या खोलीला लागून, लाकडी पार्टिशनच्या पलीकडे जाईबाई राहायची. गिरणी कामगाराची बायको, आता एकटीच. आकांक्षाची आई नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की आकांक्षा तिच्याकडेच जेवायची. एकदा भर उन्हात जाईबाईने बिल्डरच्या वॉचमनला तांब्याभर पाणी दिलं आणि ते कोणीतरी गॅलरीतून पाहिलं. झालं. समितीने ठराव केला, जाईबाईशी कोणी बोलायचं नाही. नळावरच्या बायका तिला पाहून बादल्या उचलू लागल्या. मुलांनाही तिच्या दाराशी जायची बंदी झाली. बिल्डरला सर्वांत आधी 'नाही' म्हणणारी तीच होती, हे कोणाला आठवेना.

वर समितीने तिच्यावर पाळत ठेवली. पहिल्याच दिवशी गणपतराव काळा गॉगल लावून तिच्या मागोमाग बाजारात गेले. पण उभं लालबाग त्यांना ओळखतं. दर चार पावलांवर कोणीतरी नमस्कार करी, हेही थांबून वर्गणीची आठवण देत. शेवटी सुक्या मासळीवालीने खणखणीत आवाजात विचारलं की म्हातारीच्या मागे काय लागलायत. जाईबाईने मागे वळून पाहिलं, हातातली जड पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पुढे चालू लागली. हेराने सोडे आणि सुकट घेऊन ती घरापर्यंत पोचवली. अहवालात लिहिलं, 'हालचाली संशयास्पद.'

फळ्यावर लिहिलेल्या त्या गुप्त बैठकीत खबरदारी म्हणून सगळ्यांचे मोबाइल बादलीत जमा झाले आणि बादली जिन्यात ठेवली गेली. भजनाचा जुना अॅम्प्लिफायर बिघडला होता, तो उघडून संघर्ष कोपऱ्यात बसला होता. आकांक्षा त्याला बॅटरी दाखवत होती. इतक्यात स्पीकर टर्रटर्र करू लागला.

"फोन जवळ असला की असंच वाजतं," संघर्ष पुटपुटला.

"फोन तर जिन्यात आहेत."

बैठक संपल्यावर दोघांनी अॅम्प्लिफायर खोलीभर फिरवला. भिंतीवरच्या घड्याळापाशी आला की तो नुसता तडतडायचा. ते घड्याळ जेवणाच्या डब्याएवढं जाड होतं. समाजसेवक हितेंद्रभाईंनी ते सत्यनारायणाला दिलेलं. चाळीत पंखा असो की बाकडं, भेट आली की नाकारायची नाही आणि देणाऱ्याचं नाव रंगवायचं, अशी रीत. तशी त्यावरही 'सप्रेम भेट' अशी लाल अक्षरं होती.

आकांक्षाने वडिलांना सांगून पाहिलं. ते भडकले. ज्या माणसाला आपण शाल-श्रीफळ दिलं तो हेर कसा असेल, असं म्हणाले.

मग मुलांनी थाप मारली. संघर्षने समितीला सांगितलं की त्याची एक मावशी टीव्ही चॅनलवर आहे. ती उद्या सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पिवळी टोपी घालून येणार आहे आणि चाळीची बाजू ऐकणार आहे. समितीने घड्याळाखाली बसून यावर भरपूर चर्चा केली. जाईबाई त्या वेळी चिंचपोकळीला कीर्तनात होती. याला साक्षीदारही होते. पाळतीवरच्या दोघांनी तिच्या मागे बसून सगळं कीर्तन ऐकलं होतं.

सकाळी गुप्तता म्हणून समिती झाडांआड उभी राहिली. मुलांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. तिथल्या हास्यक्लबच्या टोप्याही पिवळ्याच होत्या. हितेंद्रभाई दोन्ही हातांत दोन शहाळी घेऊन या टोपीकडून त्या टोपीकडे धावत होते. "मॅडम, चॅनलवरून ना?" असं विचारलं की समोरच्या आजी दोन्ही हात वर करून हसायच्या.

गणपतराव झाडामागून बाहेर आले. "हितेंद्रभाई, तुम्ही इथे कसे?"

"फळ्यावर वाचलं की," ते सहज म्हणाले.

"फळ्यावर नुसती बैठक होती," आकांक्षा म्हणाली. "पिवळी टोपी आम्ही घड्याळालाच सांगितली."

संघर्षने पिशवीतून घड्याळ काढलं आणि मागचं झाकण उघडलं. आत सिमकार्ड आणि इवलासा माइक होता. हितेंद्रभाईंनी शहाळी तिथेच ठेवली आणि टॅक्सी गाठली.

आकांक्षा घरी पळतच आली. जाईआजीला ही बातमी तिलाच सर्वांत आधी सांगायची होती.

जाईबाई ट्रंकेवर बसली होती. भाच्याचा टेम्पो यायचा होता.

"आजी, तू नव्हतीस. सापडला तो. आता सगळे बोलतील तुझ्याशी."

"बोलतीत गो," जाईबाई म्हणाली. "पण मी काल सही दिलंय."

आकांक्षा ट्रंकेजवळ बसली. "का दिलीस?"

"पंधरा दिस झाले, माझ्या दारात कोण इलो नाय. बिल्डरचो माणूस रोज येय. 'आजी, जेवलात?' म्हणून इचारी." तिने आकांक्षाच्या तोंडावरून हात फिरवला. "भिंतींसाठी कोण रव्हता, चेडवा?"

बिल्डरला हवी होती ती एक सही घड्याळाने मिळवली नव्हती. ती चाळीनेच त्याला मिळवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत मुलांचा सत्कार झाला. गणपतराव माइकवर पाऊण तास बोलले. असली मुलं घरोघरी निपजोत, म्हणाले. टाळ्या झाल्या. मग कोणीतरी सुचवलं की हितेंद्रला चाळीत पहिल्यांदा कोणी आणलं, हे शोधायला नवी समिती नेमावी. सगळे एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघू लागले.

आकांक्षाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि वडिलांचा मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, जाईआजीला फोन लावा."

गणपतरावांनी नंबर लावला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजली आणि मग फोन उचलला गेला. पाऊण तास बोललेल्या माणसाने माइक दूर सारला.

"मावशे," ते शेवटी म्हणाले, "गणपत बोलतंय. पोचलंस मा?"

"पोचलंय," जाईबाई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.