खारकड्यावरचा दोर

हे वाचून कुणी खोटं म्हणालं तर मी भांडायला येणार नाही. पण यातलं काहीही मी रंगवलेलं नाही. रंगवायचंच असतं तर अमावस्येची रात्र घेतली असती. इथे तसलं काही नाही. सकाळ होती, लख्ख ऊन होतं, गेल्या वर्षीचा फेब्रुवारी होता. जागा म्हणजे रहिमतपूरच्या पुढच्या डोंगरातला आमचा खारकडा. कड्याचं खरं नाव वेगळं आहे. ते सांगणार नाही, कारण लोक मोबाईल घेऊन शूटिंगला जातील, आणि तिथे माझी आई वारली आहे.

मी पल्लवी. साताऱ्यात एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. असल्या पोस्ट वाचून खाली 'काहीही हं' लिहून जाणारी बाई मीच.

आईचं नाव हरणाबाई. माहेर माणातलं, मेंढरं राखणारं घर. शेरडू कड्यात अडकलं की घरातले पुरुष खालून हाका मारत बसायचे आणि ही वर चढून त्याला खांद्यावर टाकून आणायची. लग्न होऊन रहिमतपूरला आली. दादा, म्हणजे माझे वडील, फौजेत. एका सुट्टीला त्यांनी गोठ्यासाठी जाडजूड दोर आणला, तो हिने कड्यावर नेऊन लावला. दादांची म्हैस वर्षभर सुतळीवर होती.

आमच्या भागात कडे चढणारी ती पहिली बाई. आधी लुगड्याचा काष्टा खोचून चढायची. मग पुण्याची गिर्यारोहक मंडळी आली, त्यांनी तिला नीट साधनं दिली, शिकवलं. खारकड्याची समोरची भिंत सगळ्यात आधी चढली ती आईच. पेपरात फोटो आला. तिची सासू म्हणाली, "बाईमाणसाचा फोटू मेल्यावर छापत्यात." आईने तो फोटो स्वयंपाकघरात, चुलीच्या वर लावला.

मग तिने गावातल्या पोरी गोळा केल्या. आज त्यांच्यातल्या काही पोलिसात आहेत, दोघी फौजेत आहेत. सगळ्यांच्या कमरेला पहिला दोर आईने बांधला.

तिचा एक नियम होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोरावर दोघीजणी असतात. एक वाटेत ठोकलेल्या खिळ्यांतून दोर ओवत चढते, दुसरी खाली उभी राहून दोर धरते. चढणारी घसरली तर त्या धरलेल्या दोरामुळेच वाचते. वर पोचून ती सुरक्षित बसली की ओरडून सांगते, 'सोड.' मगच खालचीने दोर सोडायचा. शहरातले लोक यासाठी इंग्रजी शब्द वापरतात. आईचा हाच शब्द.

"वरचीनं तोंडानं सांगितल्याबिगर सोडायचं न्हाई," ती म्हणायची. "पोचलेली दिसली तरी न्हाई. जीव गेला तरी न्हाई."

दुसरा नियम आग्या मोहोळाचा. मोहोळ उठलं की तोंड उघडायचं नाही. ओरडलं की माश्या तोंडावर येतात.

दोन्ही नियम तिचेच, आणि दोन्ही बरोबर होते.

मी नववीत होते. खारकड्यावर राजेश्वरी चढत होती, आईच्या त्या पोरींतली सगळ्यात लाडकी. दोर आईच्या हातात होता. आणि मोहोळ उठलं...

राजेश्वरी वाचली. आई भिंतीच्या पायथ्याशी सापडली. दोर हातात होता. बोटं सोडवायला दोन गडी लागले, हे मला फार नंतर कुणीतरी सांगितलं.

त्यानंतर त्या भिंतीवर कुणी चढलं नाही.

गेल्या वर्षी आईच्या नावाने मुलींचं शिबिर घ्यायचं ठरलं. भिंत चढण्याजोगी आहे का, हे बघायला मी गेले. सोबत मंगल होती, आमच्याच चढाईच्या गटातली रहिमतपूरची पोरगी, हाताची भक्कम. दुर्बिणीने भिंत नीट बघितली. मोहोळांचे जुने काळे डाग होते. माशी एकही नव्हती.

मी चढायला लागले. मंगलने खाली दोर धरला.

अर्ध्यात आले असेन. सातभाई पक्षी सकाळपासून कलकलत होते, ते एकदम गप्प झाले.

आणि मग...

घूं घूं घूं...

तो आवाज मी विसरेन कशी? वर बघितलं, बाजूला बघितलं. माशी नाही. आवाज मात्र वाढत चाललेला.

खाली बघितलं तर मंगल पळत होती. ओढणी डोक्यावर घेऊन, झाडीकडे. माझा दोर तिने टाकून दिला होता.

अशा वेळी पाय हलवायचा नसतो. माझा हलला. हातातला दगड निसटला आणि मी सुटले.

पडले...

आणि थांबले.

दोर ताठ झाला होता. झटका बसला नाही. आधी थोडी ढील देऊन मग हळूच ओढून घेतल्यासारखा थांबला. असं धरणारी मला एकच बाई माहीत आहे.

खाली पायथ्याला कुणी नव्हतं. दोर सरळ खाली गेलेला. त्याच्या टोकाशी नुसतं गवत, आणि तेवढ्याच जागी ते दबलेलं.

तुम्ही म्हणाल, दोर कपारीत अडकला असेल. मीही तेच म्हटलं. पण मी पुन्हा चढायला लागले तसा दोर मिळत गेला. हवा तेवढा, हवा तेव्हा. अडकलेला दोर धरेल एकवेळ, पण तो ढील देत नाही.

वर पोचले. स्वतःला पक्कं बांधलं. आता 'सोड' म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. दोर हातात घेऊन बसून राहिले. मधूनच खालून बारीकशी ओढ यायची. लहानपणी मी वर बसून टंगळमंगळ केली की आई अशीच ओढ द्यायची. म्हणजे, 'हाईस न्हवं?'

मी रडले. मोठ्याने नाही.

मग टोक सोडून मागच्या वाटेने खाली आले. मंगल झाडीतून बाहेर आली.

"ताई, माश्या आल्या वं! लय! म्या दोर टाकला... मग तुमाला धरलं कुणी?"

तिच्या अंगावर एकही डंख नव्हता. दोर पायथ्याला ढिला पडला होता.

शहाण्या बाईने पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नसतं. मी दर रविवारी गेले.

मंगलला खरं काय ते सांगितलं. पोरगी धीराची, तयार झाली. मी वर पोचून हात दाखवायचे. ती तिच्या कमरेचा दोर काढून टाकायची आणि दोन्ही मोकळे हात वर करायची. तरी दोर ताठच. मग ती लांब जाऊन पाठ करून बसायची. मी वर तासभर तशीच. आई गेल्यावर पहिल्यांदा तिने मला धरलं होतं. 'सोड' म्हणायला मी काय वेडी होते?

मार्च उजाडला. एका रविवारी दोर हातात घेतला आणि...

तो थरथरत होता.

वारा नव्हता. फार वेळ वजन धरून ठेवलं की हातांना कंप सुटतो, तसा तो कंप होता. ओढ आली, पण अर्धवट आली. पुन्हा आली, पुन्हा अर्धवट.

आई दमली होती.

एवढी वर्षं ती उभीच होती का? माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी आपली दर रविवारी माया घ्यायला जात होते.

दुसऱ्या दिवशी मी तासगावची एसटी धरली. राजेश्वरीमावशीचं सासर तिकडचं. बेदाण्याचा हंगाम होता. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरत ती उभी होती. आईच्या दिवसांनंतर तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. मला बघितलं आणि खालीच बसली.

मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही 'काय बोलतीस' म्हटलं नाही.

"मी पोचले हुते पल्लू," ती म्हणाली. "वर पोचले हुते. नुसतं 'सोडा' म्हनायचं हुतं. पर माश्या डोक्यावर. तोंड मिटून पालथी पडून ऱ्हायले. काकींनीच शिकवलं हुतं तसं. आन् त्या खाली माझ्या शब्दाची वाट बघत..."

शेडमधल्या बायका आमच्याकडे बघत होत्या.

"त्यांना अजून कुनी सांगितलंच न्हाई गं. मी येते. माझं सांगायचं ऱ्हायलंय, मी सांगते. मोकळं करू त्यांना."

मी मान हलवली. आतून मात्र वाटत होतं, हिने येऊ नये. एसटी चुकावी, नवऱ्याने नाही म्हणावं, काहीही व्हावं.

ती आली.

मागच्या वाटेने ती माथ्यावर जाऊन बसली. मी भिंतीवरून चढले. अर्ध्यात तोच आवाज. घूं घूं... मंगल खाली डोळे गच्च मिटून उभी राहिली, पण हटली नाही. मी वर पोचले, बांधून घेतलं, हात दाखवला. तिने दोर काढला, मोकळे हात वर केले, बाजूला झाली.

दोर ताठ. थरथरत होता.

राजेश्वरीमावशीने त्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग कड्याच्या टोकाशी ओणवी होऊन ती ओरडली.

"काकी! मी राजी! मी पोचले वं काकी! सोडा आता!"

आवाज दरीतून फिरून आला.

दोर तसाच...

"काकी, सोडा वं! पाया पडते!"

तसाच.

ती माझ्याकडे वळली. मीही समजून चुकले. दोराच्या या टोकाला आता ती नव्हती. मी होते. चढलेली बाई स्वतः सांगत नाही तोवर आई सोडणार नव्हती.

"तू म्हन," मावशी म्हणाली. "पल्लू, म्हन गं. दमल्यात त्या."

तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दोराची थरथर माझ्या तळव्यात उतरत होती. आईला या अवस्थेत ठेवणं पाप आहे हे कळत होतं. आणि एकदा म्हटलं की संपलं, हेही कळत होतं.

शेवटी म्हटलं.

"सोड, आई."

खोटं कशाला बोलू? मी ते अगदी हळू म्हटलं. ओठातल्या ओठात. शेजारच्या मावशीलाही ऐकू गेलं नाही. आईला ऐकू जाऊ नये आणि माझं म्हणून तर व्हावं, असंच मला हवं होतं. एवढ्या उंचीवरून खाली ते पोचणं शक्य नव्हतं.

दोर त्याच क्षणी सैल झाला.

सगळं वजन हातातून गेलं. घूं घूं थांबलं.

राजेश्वरीमावशी माझ्या गळ्यात पडून रडली. "सुटल्या गं... सुटल्या." तिचा चेहरा एवढा हलका झाला होता की मला तिचा राग आला. ती आता शिबिराला येते, पोरींना गाठी शिकवते, हसतेसुद्धा. दादा म्हणतात, पोरी, चांगलं केलंस.

चांगलंच केलं असेन. पण मला झोप लागत नाही.

आईने माझ्या तोंडातलं पुटपुटणं तिथे खाली ऐकलं. म्हणजे त्या सगळ्या रविवारी ती केवढी कान लावून उभी होती? आणि ऐकल्यावर तिला काय वाटलं असेल? लेकीने सुटका केली असं, की लेकीला आपण नको झालो असं? मला ती हवी होती, हे मी एकदाही मोठ्याने म्हटलं नाही. म्हटलं ते फक्त 'सोड'.

त्यानंतर मी त्या भिंतीवर कितीतरी वेळा चढले. मंगल दोर धरते, चांगला धरते. वर पोचून मी आईला हाका मारते, हव्या तेवढ्या मोठ्याने.

खालून मंगलच ओ देते.