खिळा नाही, पिन

दुरुस्तीच्या दुकानाचं शटर मामांनी अर्ध्यावर ओढलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. भाची आणि जावई नव्या घरासाठी अँप्लिफायर बघायला आले होते. पाच-सहा वाजवून झाले, पण जावयाची नजर फिरून फिरून एकाच ठिकाणी जात होती. सगळ्यात वरची फळी. जाड अ‍ॅल्युमिनियमचा चेहरा, मधोमध पेल्याएवढं आवाजाचं बटण.

“मामा, तो नाही दाखवलात.”

“तो विकायचा नाही.”

“बिघडलाय का?”

“या दुकानात न बिघडलेली तेवढी एकच वस्तू आहे, जावईबापू. मला धरून.”

भाची हसली. “मग द्या की आम्हाला. मामाकडून एवढंही नाही?”

मामा हसले नाहीत. कामाच्या टेबलावरचा दिवा तेवढा ठेवून त्यांनी बाकीचे मालवले आणि स्टूल ओढून बसले.

“बटणाच्या बाजूला बारीक भोक दिसतंय? आधी त्याचं ऐका. मग मागा.”

माझा एक मित्र आहे. टर्नर. छत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला. कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणायचे, कारण केसाच्या जाडीइतकाही फरक पडला तर हा नग उचलून भंगारात टाकायचा. घरीही तेच. बायकोने भिंतीवर चित्र टांगलं की हा एक डोळा मिटून लांबून बघणार आणि म्हणणार, डावीकडे दोन मिलिमीटर उतरलंय.

त्याला एकच मुलगा. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तीन वर्षं पगारातून बाजूला टाकून त्याने हा अँप घेतला. बावीस किलोचं धूड. वरच्या खोलीत ठेवला. तो वाजायला लागला की खाली कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या. बाप ताटावरून ओरडायचा, “कमी कर.” वर ऐकू जायचं नाही, आणि गेलं तरी पोरगा ऐकायचा नाही. दोघं एकाच मापात कातलेले.

एका रविवारी पोरगा बाहेर गेला होता. मायक्रॉन अवजारं घेऊन वर गेला. बटणाच्या कडेला त्याने एक बारीक स्क्रू बसवला आणि समोरच्या पाटीत भोक पाडून त्यात पोलादी पिन ठोकली. बटण पाव फिरलं की स्क्रू पिनेला अडणार. टक. पुढे जाणं नाही. आणि ठोकली ती कशी? भोक पिनेपेक्षा कणभर लहान, तेही आरपार नाही. मागून ठोकून काढायला जागाच नाही. पुढून धरायला तांदळाच्या दाण्याएवढं डोकं. अशी पिन निघत नसते. त्यासाठीच ती असते.

पोरगा संध्याकाळी आला. बटण फिरवलं. टक. पुन्हा फिरवलं. टक. खाली येऊन म्हणाला, “बाबा, ते माझं होतं.”

“आणि घर माझं आहे.”

झालं. दोघांमधलं हे शेवटचं बोलणं. पोरगा गाणी ऐकायला मित्राकडे जायला लागला, गावाबाहेरच्या हमरस्त्याने. एप्रिलमध्ये एका रात्री परत येताना… रस्त्यात ट्रेलर उभा होता. मागचा दिवा नव्हता.

मायक्रॉनला रडताना मी पाहिलं नाही. राग पाहिला. ट्रेलरवाल्यावर राग, त्या मित्रावर राग, हेल्मेट नीट न बांधणाऱ्या पोरावर राग. शेजारी भेटायला आला आणि म्हणाला, सावरा आता. त्याला याने सरळ दार दाखवलं. मी जाऊन नुसता बसायचो. मलाही मायक्रॉनचा राग होता, खोटं कशाला बोलू. समोर बसून मी त्याच्या हातांकडे बघायचो.

मग एकदा वहिनी बोलल्या. भांडी विसळता विसळता, मागे न बघता.

“तुम्ही तो खिळा ठोकला नसतात, तर तो घरात बसून वाजवत असता.”

यावर हा काय म्हणाला असेल?

“खिळा नाही. पिन.”

एवढंच. त्यानंतर वहिनी मुद्दाम खिळा म्हणायच्या आणि हा दर वेळी दुरुस्त करायचा. सहा महिने त्या घरात नवरा-बायकोचं खरं बोलणं म्हणजे एवढंच. खिळा. पिन. खिळा. पिन.

सहा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी तो इथे आला, तुम्ही बसलात तिथेच बसला. शांत होता. म्हणाला, अँपला गिऱ्हाईक बघ, उद्या सकाळी आणून टाकतो. स्पीकर त्याने आधीच पोराच्या त्या मित्राकडे पाठवून दिले होते.

मी म्हटलं, “आण. पण ती पिन काढून आण. असा कोण घेईल?”

“आहे तसा दे.”

“मग मी काढतो.”

“हात लावायचा नाहीस.” टेबलावर बोट आपटून म्हणाला, “माझं काम बरोबर होतं. मोजून बघ.”

मग माझंही डोकं फिरलं. “सगळं मोजलंस बाबा तू,” म्हटलं, “घरात एक पोरगा होता, तेवढा राहिला मोजायचा.”

तो उठून गेला. घरी जाऊन वहिनींना म्हणाला, उद्या तो डबा जातोय. वहिनी म्हणाल्या, जाऊ दे, पण माझ्या पोराची वस्तू होती तशी करून द्या, खिळा काढा. पिन, हा म्हणाला, आणि निघणार नाही. वर गेला, वायर गुंडाळली, सुतळीने बांधली, दाराला बाहेरून कडी घातली आणि झोपला.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. कशाने ते आधी कळेना. पंखा बंद. रस्त्यावर एक गाडी नाही.

मग ऐकू आलं.

कपबश्या.

कपाटातल्या कपबश्या किणकिणत होत्या. बारीक, एका ठेक्यात.

वहिनी शेजारी जाग्याच होत्या. छताकडे बघत होत्या.

“वाजतंय,” त्या म्हणाल्या.

“काही वाजत नाही. ट्रक गेला असेल.”

“पाऊण तास जातोय तुमचा ट्रक?”

तो उठला. भीती नव्हती, मला त्याने शपथेवर सांगितलंय. संताप होता. कोणीतरी वर शिरलंय, आपली चेष्टा करतंय, असं वाटून त्याने टॉर्च घेतला आणि जिना चढला. पायऱ्या तळव्याखाली थरथरत होत्या. वरच्या खोलीची कडी त्याने घातली होती तशीच होती.

कडी काढली.

खोलीत कोणी नव्हतं. चौरंगावर अँप. स्पीकर नाहीत. वायर गुंडाळलेली, सुतळीची गाठ त्याचीच. समोरचा लाल दिवा बंद. आणि फरशी घुमत होती. गाणं नाही, सूर नाही. नुसती घूं… घूं… छातीत लागेल अशी.

त्याने अँपवर हात ठेवला.

कोमट होता. तासभर वाजल्यावर असतो तसा.

मग तो ओरडला. तेच. रोज ताटावरून ओरडायचा तेच.

“कमी कर.”

आवाज कमी झाला.

तो थिजला. मग हळू म्हणाला, “अजून.”

अजून कमी.

“अजून.”

आता फक्त फरशीला कळत होतं.

“बंद.”

बंद. खाली कपबश्याही गप्प.

त्या शांततेत तो उभा राहिला, आणि मला म्हणाला, भीती तेव्हा वाटली. वाजत होतं तोवर नाही. कारण त्याच्या पोराने जन्मात एकदाही ऐकलं नव्हतं. आणि आता पहिल्याच हाकेला…

“आता ऐकतोस?” तो म्हणाला. दातओठ खात म्हणाला. “आता? आता शहाणपण सुचलं तुला? इतकी वर्षं ओरडलो. तेव्हा कान कुठे होते तुझे? नको मला तुझं ऐकणं. वाढव.”

काही नाही.

“वाढव म्हणतो ना.”

टॉर्चच्या उजेडात बटण हललं. अगदी सावकाश. उजवीकडे.

टक.

थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं.

टक.

स्क्रू पिनेला अडत होता.

टक… टक…

सांगितलेलं ऐकत होता तो. पण जागाच नव्हती.

मायक्रॉनने टॉर्च टाकून दिला आणि दोन बोटांनी पिन धरली. ओढली. बोटं निसटली. नखं घातली. नख मुळापासून उलटलं. पिन हलली नाही. त्याचंच काम होतं ते. बरोबर झालेलं.

टक…

टक…

तो जिन्याकडे धावला. पक्कड हवी होती. मधल्या पायरीवर वहिनी उभ्या होत्या, पक्कड घेऊन. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. त्यांनी ती त्याच्या हातात दिली.

तो वळला.

टक थांबलं होतं.

चार पायऱ्या. उंबरा. जमिनीवर टॉर्च तसाच जळत होता. अँपच्या वरच्या पत्र्यावर, बरोबर मध्यावर, पिन ठेवलेली होती. पडलेली नाही. ठेवलेली. आणि बटण उजवीकडे पार टोकाला गेलेलं. फुल्ल.

आवाज काहीच नव्हता.

दोघं दारात उभी राहिली. त्याने अँपला हात लावून पाहिला.

गार पडला होता.

मामा थांबले. भाचीने नवऱ्याचा हात केव्हा धरला होता, ते तिलाही कळलं नव्हतं.

“सकाळी दोघांनी दोन बाजूंनी धरून आणला इथे,” मामा म्हणाले. “विकू नकोस म्हणाला. घरात बघवत नाही, टाकवत नाही, तुझ्याकडे राहू दे. तेव्हापासून तिथे आहे. बटण मी फिरवलेलं नाही.”

जावयाने मान वर केली. बटणावरची पांढरी खूण शेवटच्या आकड्यावर होती.

मामांनी खणातून एक पत्र्याची डबी काढली आणि दिव्याखाली उघडली. आत कापसावर पिन. शेजारी घड्याळजीचं भिंग.

“बघा.”

जावई पिन बोटांत फिरवत राहिला. डोकं, अंग, टोक. मग पुन्हा डोकं.

“ओरखडा शोधताय?” मामा म्हणाले. “घट्ट बसलेली पोलादी पिन पक्कडीशिवाय निघत नाही, आणि पक्कड लागली की दात उमटतात. पोलादावर नाही तर निदान भोकाच्या कडेवर. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. तोही तेच शोधत होता. याच दिव्याखाली, हेच भिंग डोळ्याला लावून, सकाळी नऊपासून दुपारपर्यंत. आधी पिन, मग भोक, मग पुन्हा पिन. वहिनी त्या बाकावर बसून होत्या. छत्तीस वर्षांचा टर्नर तो, त्याच्या नजरेतून काय सुटणार?”

“मग?”

“मग काय, ना पिनेवर ओरखडा, ना भोकाच्या कडेवर. भिंग खाली ठेवलं. वहिनींकडे वळला. किती महिन्यांनी वळला असेल. म्हणाला, ‘अगं… खिळा निघाला.’”

जावयाने पिन पुन्हा दिव्याजवळ धरली. गुळगुळीत, लखलखीत. लेथवरून नुकतीच उतरल्यासारखी.