बन्नी बागेतलं चंदन

सकाळी सकाळी पोलीस ठाण्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस अशा कापऱ्या आवाजात बोलत होता, की सबइन्स्पेक्टर रेवती पूणच्चाला वाटलं, खून झाला.

"बन्नी बागेत या, मॅडम. लवकर या. कापून टाकलंय."

"कोणाला?"

"चंदनाला."

रेवती जीप घेऊन निघाली. बरोबर हेडकॉन्स्टेबल सिद्दराजू होता. म्हैसूरमध्ये चंदन चोरीला जाणं नवं नव्हतं, पण हे झाड वेगळं होतं. बागेसाठी देणग्या गोळा करणाऱ्या समितीच्या प्रत्येक पेटीवर याच झाडाचं चित्र होतं. बागेची दक्षिणेकडची भिंत पडली होती, कारंजं बंद होतं, बाकं मोडली होती. दुरुस्तीचा निम्मा खर्च नागरिकांनी दसऱ्यापर्यंत उभा केला तर उरलेला पालिका देणार होती. नाही जमलं, तर पडक्या भिंतीकडची अर्धी बाग गाड्या लावायला जाणार होती. दसरा जवळ आला होता आणि पेट्या रिकाम्याच होत्या.

तळ्याच्या काठावर लोक गोळा झाले होते. फांद्या तिथेच पडल्या होत्या. बुंधा गायब होता. गुडघ्याएवढा खुंट तेवढा उभा होता.

रेवती खाली बसली. काप तिरका आणि स्वच्छ होता. त्यावर ओला काळा चिखल नीट लिंपलेला होता. खुंटापाशी उदबत्तीची जळकी काडी, अबोलीची सुकत आलेली फुलं आणि थोडे पांढरे तांदूळ.

"चोर देवभोळे असतात, मॅडम," सिद्दराजू म्हणाला. "आधी पूजा, मग चोरी. आपले पुढारी नाहीत का?"

रेवती हसली नाही. ती मुळांजवळची माती बोटांनी चाचपत होती. माती घट्ट होती. मग तिनं तळ्याकडे पाहिलं. काठाजवळची कमळाची काही पानं उलटी पडली होती.

"म्हशी शिरल्या असतील," सिद्दराजू म्हणाला.

"रखवालदार कुठे आहे?"

मादप्पा फाटकाजवळच्या बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली उभा होता. उंच, वाळका, खांद्यावर कांबळं. कितीतरी वर्षं तो या बागेची राखण करत होता.

"काल रात्री कुठे होतास?"

"इथेच."

"झाड करवतीनं कापलं. तुला ऐकू आलं नाही?"

"काल गणपतीची मिरवणूक होती, मॅडम. ढोल होते."

"ढोल पहाटेपर्यंत नव्हते."

"झोप लागली मला."

"आत कोण आलं, कोण गेलं?"

"झोपलेल्या माणसाला काय कळणार?"

तो बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता. समितीतले दोघे-तिघे पुढे सरसावले. "यालाच आत घ्या, मॅडम. घरचा माणूस फुटल्याशिवाय चंदन जातं का?"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. समितीच्या अध्यक्षा जयलक्ष्मम्मा आल्या होत्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, ताठ, पांढरी सुती साडी. अर्धं गाव त्यांचा विद्यार्थी होता. हे चंदन त्यांच्या नवऱ्यानं लावलेलं. त्या खुंटाजवळ गेल्या, मुळांकडे वाकून पाहिलं आणि परत वळल्या.

"अम्मा, याला आम्ही घेऊन जातो," रेवती म्हणाली.

"मादप्पाला? त्यानं हे केलेलं नाही."

"मग कोणी केलं?"

मादप्पा स्वतःच जीपमध्ये जाऊन बसला.

*

दुपारी त्याची बायको पुट्टम्मा ठाण्यात आली. तिला दम्याचा त्रास होता. पायऱ्या चढून आल्यावर बराच वेळ तिला बोलता येईना.

"माझा माणूस चोर नाही, अक्का. काल रात्रभर तो माझ्याजवळ होता. दम लागला म्हणून मला दवाखान्यात नेलं, नळी लावली. उजाडेपर्यंत तो माझ्या उशाशी होता. नर्सबाईंना विचारा."

सिद्दराजू दवाखान्यात जाऊन आला. खरं होतं ते. रेवतीनं मादप्पाला कोठडीतून बाहेर बोलावलं.

"तू दवाखान्यात होतास. नर्स सांगते."

"नाही. मी बागेत होतो."

"अरे, तुझी बायको सांगते."

"ती आजारी आहे. तिला कळत नाही."

"मादप्पा, तुला सोडवणारी ही एकच गोष्ट आहे आणि तूच ती नाही म्हणतोस?"

त्यानं खाली मान घातली. "मी झोपलो होतो. लिहून घ्या."

तो परत आत गेल्यावर सिद्दराजूनं कपाळाला हात लावला. "माझ्या सगळ्या नोकरीत आरोपीनं खोटी साक्ष काढलेली पाहिली. खरी साक्ष खोटी पाडणारा हा पहिलाच गाढव."

"गाढव नाही," रेवती म्हणाली. "बायकोला दम लागला म्हणून फाटक उघडं टाकून पळाला असेल तर घाबरेल, रडेल. हा घाबरत नाही. हा कोणाला तरी झाकतोय."

"कंत्राटदाराला. नंजुंडेगौडाला. पैसे खाल्ले असतील."

नंजुंडेगौडाला गाड्यांच्या तळाचं कंत्राट हवं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मागच्या सभेत त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की त्या चार झाडांसाठी किती रडाल.

रेवती गेली तेव्हा तो अंगणात दुपारचं खायला बसला होता. मसाला डोसा समोर होता, पण खाण्यात लक्ष नव्हतं.

"या मॅडम, बेड्या आणल्यात का?"

"तुम्ही झाड तोडायला लावलंत?"

"मी वेडा आहे का? काल संध्याकाळपर्यंत यांच्या पेट्यांत गंजकी नाणी होती. आज बाजारात जा. भाजीवाल्या नोटा टाकतायत. शाळेची पोरं गाणी म्हणत पेट्या फिरवतायत. बेंगळुरूहून एका सोनाराचा फोन आला म्हणे. कोण म्हणतंय हे? मी म्हणतोय, ज्याचं कंत्राट बुडालं तो." त्यानं ताट बाजूला सारलं. "ज्यानं ते झाड कापलं ना, त्यानं माझा गळा कापला. सापडला तर मलाही दोन द्यायच्या आहेत."

कंत्राटदाराचं बोलणं तिला आवडलं नव्हतं, कारण ते खरं होतं.

*

संध्याकाळी ती जयलक्ष्मम्मांच्या घरी गेली. ओसरीवर देणग्या घेऊन आलेल्या लोकांच्या चपलांचा ढीग पडला होता. आत त्यांची सून शांता पेढे वाटत होती. जयलक्ष्मम्मा मात्र कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"अभिनंदन, अम्मा. भिंत होणार म्हणायची."

"मादप्पाला केव्हा सोडताय?"

"उद्या कोर्टात उभा करणार आहे."

"कशासाठी? तो बागेत नव्हता हे तुम्हाला कळलं ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"पुट्टम्मा माझ्याकडेच रडत आली होती." त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "नव्हताच तो, तर सोडून द्या."

"तो म्हणतो, होतो."

त्यांनी डोळे मिटले. शांता कॉफीचे पेले घेऊन आली. रेवतीनं विषय बदलला.

"झाडाचं मात्र वाईट झालं."

"मुळं राहिली आहेत," जयलक्ष्मम्मा म्हणाल्या, आणि आवाजात जरा जीव आला. "मुळं राहिली की चंदन पुन्हा फुटतं. कुठे फुटेल सांगता येत नाही. ते एकट्यानं जगत नाही, शेजारच्या झाडांच्या मुळांना धरून लांब जातं. भिंतीबिंती त्याला कळत नाहीत. आमचे हे म्हणायचे, चंदन म्हणजे भिक्षुक, पण जिथे जेवतं ते घर सुगंधी करून जातं."

रेवती निघाली. जयलक्ष्मम्मा उठल्या, देवापाशी गेल्या, पण करंड्याला हात न लावता मागे सरल्या.

"शांता, मॅडमना हळदकुंकू लाव गं."

शांतानं कुंकू लावलं, ओंजळीत अबोलीची फुलं घातली. रेवती जीपमध्ये बसली. सिद्दराजूनं गाडी सुरू केली. समोरच्या आरशात तिला आपलं कपाळ दिसलं, आणि ती तशीच बघत राहिली.

"काय झालं, मॅडम? कुंकू वाकडं लागलं?"

"सिद्दराजू, उद्या सकाळी तळ्यात उतरणारी दोन माणसं घेऊन ये."

*

दुसऱ्या दिवशी कोर्टाची वेळ होण्याआधी तिनं सगळ्यांना तळ्याकाठी बोलावलं. समितीचे लोक आले. नंजुंडेगौडा आला. जयलक्ष्मम्मा शांताचा हात धरून आल्या. मादप्पाला सिद्दराजूनं आणलं. पाण्यात उतरलेल्या माणसांनी कमळाच्या देठांतून चंदनाचा एक ओंडका ओढून काढला, मग दुसरा. काठावर वास पसरला.

"चोर लाखाचा माल चोरून जागच्या जागी बुडवतो?" नंजुंडेगौडा म्हणाला.

"चोर नाही बुडवत," रेवती म्हणाली. "मी कोडगूत नोकरीला असताना चंदनचोर पुष्कळ पाहिले. सगळ्यात जास्त तेल मुळांत असतं. चोर आधी माती उकरतो, मुळासकट झाड काढतो. इथे मातीला हात लागलेला नव्हता. उलट पाणी साचू नये म्हणून काप तिरका घेतला होता आणि जखम सुकू नये म्हणून तळ्याचा चिखल लिंपला होता. कापणाऱ्याला झाड जगायला हवं होतं. मला काल सकाळीच हे दिसलं, पण समजलं नाही. मी विकणारा शोधत होते. फायदा कोणाचा झाला ते नंजुंडेगौडांनी सांगितलं. बागेचा झाला."

"म्हणजे आमच्यापैकी कोणी?" समितीतला एकजण ओरडला. "पुरावा काय?"

"पूजा. झाड तोडण्याआधी त्याची क्षमा मागायची रीत आपल्याकडे सगळेच पाळतात. पण खुंटापाशी तांदूळ पांढरे होते. हळद नव्हती, कुंकू नव्हतं. पूजेला बसलेला कोणीही, बाई असो की पुरुष, आधी हळदकुंकू घेतो. ते सोडून बाकी सगळं वाहणारं माणूस कोण? ज्यानं कुंकवाला हात लावायचा नाही असं स्वतःला घालून घेतलंय. एवढं, की अंधारात, कोणी बघत नसतानाही हात पुढे गेला नाही."

शांतानं सासूचा हात सोडला.

"राहिला मादप्पा," रेवती म्हणाली. "तो दवाखान्यात होता. फाटक सोडून तो सहज जाणार नाही. त्याच्या जागी कोणीतरी बसलं, तेव्हाच तो गेला. आपण नव्हतो असं कबूल केलं असतं तर मी विचारलं असतं, मग फाटकावर कोण होतं? ते नाव त्याला घ्यायचं नव्हतं."

जयलक्ष्मम्मा खुंटाच्या कडेला बसल्या. आवाज स्थिर होता.

"पुट्टम्माला दम लागल्याचं कळलं म्हणून मी आले. म्हटलं, तू जा, मी बसते. खरं तर करवत कितीतरी दिवस पिशवीत घेऊन फिरत होते. हिंमत होत नव्हती. मी दारोदार फिरले हो. लोक म्हणायचे, बाग आहे की, कुठे पळतेय? गमावल्याशिवाय कोणाला काही आपलं वाटत नाही. म्हटलं, एक झाड जाऊ दे. तेही माझ्या घरचं. चोरी वाटावी म्हणून ओंडके उतारावरून तळ्यात लोटले."

"आणि हा?" रेवतीनं मादप्पाकडे बोट केलं.

"तो नव्हता, म्हणून सुटेल असं वाटलं. माझ्यासाठी खोटं बोलेल हे मनातही आलं नाही."

"पण काल तर कळलं होतं तुम्हाला."

जयलक्ष्मम्मांनी खुंटावर हात ठेवला. "दसऱ्यापर्यंत थांबावं, असं ठरवलं होतं. पैसे पालिकेत भरले, की येणार होते सांगायला."

तेवढ्यात मादप्पा बोलला. इतका हळू, की पुढच्यांनाच ऐकू आलं.

"खुंटाला चिखल लावलात, अम्मा. मला कोठडीत बघायलाही आला नाहीत."

*

लोकांनी पैसे परत मागितले. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी. भिंत पडकीच राहिली. दसरा झाला आणि पालिकेनं भिंतीकडची अर्धी बाग तोडून घेतली. मधे पत्रे ठोकले.

पावसाआधी एके दिवशी नंजुंडेगौडाचा ठाण्यात फोन आला. "मॅडम, हे काय नवीन? माझं खोदकाम बंद पाडलंय वनखात्यानं!"

रेवती जाऊन पाहून आली. खणायला आखलेल्या जागेच्या मधोमध, पत्र्यांच्या पलीकडे, चंदनाचे कोंब आले होते. वीतभर उंचीचे, हिरवेगार. चंदन कोणाच्याही जागेत उगवो, परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि ती परवानगी मिळता मिळता माणसाचे केस पिकतात. भोवती बाभळीचे काटे रोवून कुंपण केलेलं होतं. मधे हळदकुंकू वाहिलेलं होतं.

जयलक्ष्मम्मा जामिनावर घरी होत्या. रेवतीनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुंपण कोणी घातलं?"

"मादप्पानं."

"मी येऊन बघितलं तर चालेल का त्याला? विचाराल?"

"विचारलं मी."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाग सगळ्यांची आहे, मी कोणाला अडवणार?"

जयलक्ष्मम्मांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी विचारलं, "कसं म्हणाला? माझं नाव घेतलं त्यानं?"

रेवतीनं आठवून पाहिलं. मादप्पा तेव्हा काट्यांना सुतळी बांधत होता. त्यानं मान वर केली नव्हती.

"नाही, अम्मा," ती म्हणाली.

जयलक्ष्मम्मांनी हातातला पेला खाली ठेवला. त्या बागेकडे कधी गेल्या नाहीत.