भयगंध

चंद्रावरच्या त्या वस्तीत दोन भाजीबोगदे होते. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या कमानींखाली मेथी, मिरची, वाल, काकडी. आणि प्लास्टिकच्या पलीकडे निर्वात पोकळी. त्यातल्या पहिल्या बोगद्याला मावा लागला होता. मोहरीएवढी ती हिरवी मऊ कीड शेंड्यांचा रस शोषत होती आणि पानं आकसून वाट्यांसारखी वळत होती. मावा कुणाच्या बुटाला चिकटून आला की रोपांबरोबर, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. मावा मात्र बैठका न घेताच वाढत राहिला.

औषध फवारायची सोय नव्हती. बोगद्यातली हवा तीच माणसांच्या श्वासाची हवा. शेवटी वस्तीप्रमुख यशोधन बारटक्के यांनी सकाळी हुकूम काढला. संध्याकाळी झडप उघडून बोगद्यातली हवा बाहेर सोडायची. मावा मरेल, पिकंही मरतील, पण निदान दुसरा बोगदा वाचेल. वेळ त्यांनी लगेच यंत्रणेत भरून टाकली. फोनवरून ती रद्द होऊ नये अशीही तजवीज केली, कारण कीटकतज्ज्ञ डॉ. हेमांगी खरमाटे आपलं मन वळवतील ही धास्ती त्यांना होतीच.

दुपारपासून वस्तीतले निम्मे लोक वाफ्यांत वाकून हाती लागेल ती भाजी खुडत होते. हेमांगीला ते बघवत नव्हतं. चंद्राच्या निर्जीव धुळीची जिवंत माती करण्यात तिची चार वर्षं गेली होती. हवा गेली की मातीतले जिवाणूही जाणार, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बारटक्के पाहणीला आले तसं तिने त्यांना बाहीला धरून थेट टोकाच्या वालाच्या वेलापाशी नेलं.

"तुमचा तो वासाचा प्रयोग फसला, डॉक्टर," बारटक्के आधीच म्हणाले. "पहिल्या आठवड्यात मावा टपाटपा खाली पडला. आता पुन्हा वर चढून ठाण मांडून बसलाय."

"फसला नाही सर. मला हेच हवं होतं."

"म्हणजे?"

"ढालकिडा माव्याला खातो, हे तुम्हाला माहीत आहे." तिने लाल पाठीवर काळे ठिपके असलेला एक किडा बोटावर घेतला. "पण त्याने एकाला धरलं की तो मावा मरता मरता अंगातून एक थेंब सोडतो. त्याचा वास म्हणजे भयगंध. तो आला की शेजारचे सगळे पान सोडून खाली उड्या टाकतात. एक सापडतो, पन्नास निसटतात. आपले ढालकिडे उपाशी राहिले ते यामुळे."

"आणि तुम्ही तोच वास बोगदाभर सोडलात!"

"दिवसरात्र सोडला. सुरुवातीला सगळे पडले. पण कुणी किती वेळा उडी मारणार? खाली पडलं की उपासमार. आणि जी पिल्लं या वासातच जन्मली, त्यांना तो वास म्हणजे नेहमीची हवा. आता बघा."

तिने किडा पानावर सोडला. त्याने एका माव्याला पकडलं, फस्त केलं. लगतचा मावा ढिम्म हलला नाही. तोंड खुपसून रस पीत राहिला. किडा त्याच्याकडे वळला, मग तिसऱ्याकडे. बारटक्के वाकले, आणि वाकलेलेच राहिले. पान साफ झालं. शेजारची चार पानं आधीच साफ झालेली होती.

"पळत कसे नाहीत हे?" ते पुटपुटले.

"धोका खोटा आहे असं शिकलेत. सर, पंधरा दिवस द्या मला. हात जोडते."

बारटक्क्यांनी मान डोलावली. "दिले. रद्द करतो." हेमांगीला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे डोळे पुसले.

तेवढ्यात भोंगा वाजला.

बारटक्क्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "झडपेचा आहे. दोन मिनिटांत उघडेल. किड्याच्या नादात वेळेचं भानच राहिलं नाही. नियंत्रणकक्ष गाठेपर्यंत... नाही, शक्य नाही. चला बाहेर!"

माती गेली. हेमांगी वळली आणि जागीच थबकली.

वाफ्यांतल्या कुणीही मान वर केली नव्हती. खुडणं चालू होतं, गप्पा चालू होत्या.

"सर, सरावाचा भोंगा वेगळा आहे ना?"

"एकच आहे," बारटक्के म्हणाले. "पहिल्या सरावाला चेंगराचेंगरी झाली, एकाचा हात मोडला. म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ वाजवायला लावला. आता कुणीही घाबरत..."



हेमांगी धावत सुटली. "पळा! सगळं टाका आणि बाहेर पळा!" तिने दोघांना दंडाला धरून उठवलं. ते हसले आणि टोपल्या गोळा करायला पुन्हा वाकले. भोजनगृहाच्या प्रमुख लतिका भोईर वाटेतच बसल्या होत्या. हेमांगीने त्यांच्या हातातली मेथी हिसकावली.

"अहो मॅडम, सरावाचाच आहे तो," लतिकाबाई समजुतीने म्हणाल्या आणि मेथी परत घेतली. "खरा वाजायला अजून वेळ आहे. एवढी जुडी बांधते आणि येतेच."