परक्या देवाचा नारळ

लाईट गेलीया, आता सकाळपतोर यायची न्हाय. बसा गप. खोटं वाटलं तर उठून जावा, पर मदीच हसायचं न्हाय.

हातकणंगल्यात आमच्या शेजारी केरबा हुता. त्येची लेक शेवंता, सात वर्साची. तापात पाय गेलं बघा पोरीचं. बहात्तर साली श्रावणात तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात दाखवाय गेलता. डाक्टर दुपारी येणार, म्हनून पोरीला खांद्यावर घेऊन म्युझियम बघाय शिरला. जुनी भांडी, नाणी, मूर्ती. एका काचंच्या पेटीत वीतभर पितळंचा माणूस, एक हात वर केलेला.

आपल्या माणसाला मूर्ती दिसली की हात जोडल्याबिगर राहवतंय व्हय? केरबा म्हनला, "देवा, पोर चालाय लागली तर हितं येऊन तुला नारळ दीन."

पहारेकरी हसला. "पावणं, आपल्यातला न्हवं त्यो. रोमकडचा, दर्याचा देव. हितल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणताना गावला. हितं नारळ-बिरळ चालत न्हाय."

दिवाळीला पोर अंगणात पळाय लागली की! तिची आई तानाबाई रोज टोचायची, "अवं, नवस फेडून या." केरबा म्हनायचा, "परक्या देवाला नारळातलं काय कळतंय?" शेवटी जोतिबाला फोडून आला. मला म्हनला, "अप्पा, देव सगळं एकच." मीबी मान हालवली. चुकलं माझं.

पौषातली अवस. दुष्काळ. आडात खडखडाट. रात्री दीड वाजता पोर उठून बसली.

"आबा, पानी वाजतंय."

"न्हाय बाळ. झोप."

"दारात आलंय... त्यो नारळ मागतोय."

"कोन?"

"हात वर केलाय त्येनं..."

केरबानं कडी काढली. भाईर कोरडी माती. कुत्रंसुदिक न्हाय. मागं वळला... पोर निजलेली. गप. लई गप.

तानाबाईची किंकाळी ऐकून मी धावलो. शेवंताची केसं निथळत हुती. अंगावरची वाकळ चिंब. तोंडातनं पानी... घरात घागर पालथी, भुई कोरडी ठणठणीत. डाक्टर म्हनला, पोर बुडून मेलीया. कुठं बुडली? काय सांगावं त्येला?

केरबा भिंतीला टेकून बसला. नारळ, नारळ, एवढंच म्हनत हुता.

वाकळ मीच कुंपणावर वाळत टाकली. सांजच्याला काढाय गेलो... पांढरी फटक पडलेली. झटकली, तर खाली चुळकाभर सांडलं. बोट लावून जिभंवर ठेवलं.

मीठ हुतं, पोरांनो.